खोलबागेचं दार

"डोळे मीट शालन. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत हं."

वहिनीसाहेबांनी माझा हात धरून मला उंबरठ्याच्या आत घेतलं. चपला बाहेर काढल्या होत्या, त्यामुळे पायांना गार, गुळगुळीत फरशी लागली. मेणाचा आणि नव्या रंगाचा वास येत होता. मी आपली आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी दुसरा हात पुढे धरून चालले होते.

"उघड आता."

मी डोळे उघडले आणि "अगं बाई!" एवढंच तोंडातून निघालं. एरवी मी तोंडाची फटकळ. माझ्या नुसत्या आवाजावर अंगणवाडीतली पोरं गप्प बसायची. त्या दिवशी माझीच वाचा बसली.

हाच तो दिवाणखाना. दोन वर्षांपूर्वी इथं गुडघाभर गाळ होता. सागवानी झोपाळा उलटा होऊन खिडकीत अडकला होता आणि दिवाणसाहेबांच्या तसबिरीवर बुरशी इतकी माजली होती, की मिशा कुठल्या नि बुरशी कुठली ते कळत नव्हतं. आता तोच झोपाळा पितळी कड्यांवर झुलत होता. खिडक्यांना लाल-निळ्या काचा पुन्हा बसल्या होत्या आणि तसबिरीतले दिवाणसाहेब नुकतेच न्हाव्याकडून आल्यासारखे ताजेतवाने दिसत होते.

"रडतेस काय वेडे?" वहिनीसाहेब म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

"रडत न्हाई वो. रंगाच्या वासानं डोळं चुरचुरत्यात."

"खोटारडी!" त्या हसल्या आणि स्वतःच्या पदरानं त्यांनी माझे डोळे पुसले. "दुपारी उद्घाटन. पाहुणे येतील, भाषणं होतील. पण म्हटलं, सगळ्यांच्या आधी हे घर बघेल तर शालनच बघेल."

मला आभाळ ठेंगणं झालं. खोटं कशाला सांगू?

आमचं गाव कृष्णेच्या वळणावर. वळणाच्या पोटात दिवाणबाग आणि तिच्या मागच्या भिंतीला टेकून आमचा कुंभारवाडा. एका लहानशा संस्थानाच्या दिवाणांनी हा बंगला बांधला, बाग केली. पुण्या-कोल्हापुराहून लोक मुद्दाम ती बघायला यायचे. पण दिवाणांनी केलेली खरी शहाणपणाची गोष्ट पाहुण्यांना कुणी दाखवत नसे. नदीच्या अंगाला त्यांनी बागेचा एक मोठा तुकडा मुद्दाम खोल ठेवला होता. आम्ही त्याला खोलबाग म्हणायचो. नदी चढली की काठच्या भिंतीतल्या एका दारातून पाणी आधी खोलबागेत शिरायचं, तिथं चार दिवस मुक्काम करायचं आणि आल्या वाटेनं परत जायचं. ते दार नसतं तर तेच पाणी बाजूच्या ओघळीनं सरळ आमच्या घरांत उतरलं असतं.

म्हणून पावसाळा तोंडावर आला की बंगल्यातली सून ते दार उघडून ठेवायची आणि कुंभारवाड्यातल्या बायका त्याला हळदकुंकू लावायच्या. पाणी ओसरलं की खोलबागेत बसलेला लोण्यासारखा गाळ आमचा. आमच्या चुली, मडकी, पणत्या, गणपती, सगळं त्याच मातीचं. हा रिवाज कुणी लिहून ठेवला नव्हता, पण तो कधी मोडलाही नव्हता.

मोठ्या पुरानं मात्र बंगला आणि कुंभारवाडा असा भेदभाव केला नाही. सगळ्यांना एकाच पंक्तीला बसवून बुडवलं.

पाणी उतरल्यावर अंगणवाडीची वाहून गेलेली भांडी शोधत मी बागेत शिरले, तर वहिनीसाहेब, आताची बंगल्यातली सून, जिन्याच्या खालच्या पायरीवर चिखलात बसलेल्या. एकट्याच. नवरा वारलेला, मुलगा परदेशात. मांडीवर फोटोंच्या अल्बमचा लगदा. मी शेजारी बसले आणि एकेक फोटो सोडवून माझ्या पदरावर वाळत घातला. तिथून आमचं जुळलं. त्या नवरात्रात त्यांनी माझी ओटी भरली आणि जेवायला पाहुण्यांच्या पंक्तीत आपल्या शेजारी बसवलं. "ही माझी धाकटी बहीण," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. कुंभारवाड्यातली बाई त्या पंक्तीला त्याआधी कधी बसली नव्हती.

मग एक दिवस त्यांनी मातीचं विचारलं.

"ह्या वेळचा गाळ नेऊ नका गं. बागेतच राहू दे. नदीच्या कडेनं फिरायला मातीची उंच पायवाट करायचीय. आणि ती खचायला नको. तुमच्या बायकांनी तुडवून दिली तर? तुझ्याशिवाय माझं कोण ऐकणार?"

कुंभारवाड्यात खळखळ झाली. हौसाक्का आमच्यात सगळ्यांत थोरली. तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

"पुरानं समदं न्हेलं, एक माती तेवढी दिली," ती म्हणाली. "ती बी दिऊन टाकायची व्हय?"

"आक्का, एकाच सालाचा तर प्रश्न हाय. आन् दारापाशी पायवाट मोकळी ठेवणार हायेत, मी सवता आखलेलं बघितलंय. बाग उभी ऱ्हायली तर माणसं येतील. आपली मडकी खपतील."

हौसाक्का उठली, तिनं पदर खोचला. "तू म्हणतीस म्हणून," ती म्हणाली.

आणि आम्ही ती माती तुडवली. कुंभाराची माती तुडवायची रीत वेगळी असते. मधोमध टाच रोवायची, गोल गोल फिरत कडेला यायचं, पुन्हा आत जायचं. खडा लागला की वेचायचा. आत हवा म्हणून राहू द्यायची नाही, नाहीतर मडकं भट्टीत फुटतं. आता पायवाट काही भट्टीत जायची नव्हती, पण आमच्या पायांना दुसरी रीत ठाऊकच नव्हती. थरावर थर चढवत सगळा उन्हाळा गेला. बायका गाणी म्हणायच्या, वहिनीसाहेब स्वतः ताकाची कासंडी घेऊन यायच्या. एकदा तर साडी खोचून त्याही चिखलात उतरल्या आणि घसरून बसल्या. आम्ही हसून हसून बेजार.

"कुठं हरवलीस?" वहिनीसाहेबांनी मला झोपाळ्यापाशी हलवलं. "अजून बाग बघायचीय. निनाद वाट बघतोय."

निनाद म्हणजे बंगला आणि बाग पुन्हा उभी करणारा पुण्याचा वास्तुतज्ज्ञ. तिशीचा, अंगानं किडमिडीत, पण कामाला वाघ. स्वभावानं चांगला मुलगा होता, हे मी आजही म्हणेन. कमानीखाली उभा राहून तो कुणाला तरी फोनवर झापत होता. आम्हाला बघताच फोन बंद करून म्हणाला, "या ताई. तुमच्या कामाची जागा सगळ्यात छान झालीय."

गेल्या साली नदी चढली नव्हती आणि पायवाट झाल्यापासून बाग कामासाठी बंदच होती, त्यामुळे मी आज पहिल्यांदाच बघत होते. बाग खरंच देखणी झाली होती. कारंजं उडत होतं. बकुळीखाली दगडी बाक, ताटव्यांत गुलाब. गुलाबांच्या पुढं हिरवळ पसरली होती, अगदी नदीकडच्या पायवाटेपर्यंत, एका पातळीत. मी दोन पावलं टाकली आणि थांबले. इथं पूर्वी उतार लागायचा. लहानपणी आम्ही त्या उतारावरून घरंगळत खाली जायचो.

"खोलबाग कुठाय?"

"हीच की," वहिनीसाहेब म्हणाल्या. "थोडी भर घातली. फार खड्डा दिसत होता, फोटोत वाईट येत होतं."

"मग पाणी कुठं मावायचं?"

"चल, आधी पुढं चल. तुझी पायवाट बघ."

माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण मी तिला हाकलून दिलं. बहिणीच्या घरात असलं काही मनात आणू नये, असं वाटलं.

पायवाट दीड पुरुष उंच आणि बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली होती. आतल्या अंगाला घडीव दगड लावले होते. आणि त्या दगडांत, बरोब्बर जुन्या जागी, ते दार होतं. तेलपाणी करून काळंभोर केलेलं, पितळी फुल्या लखलखताहेत, वर कमानीत 'पाणदरवाजा' असं कोरलेली पाटी. आम्ही कधी त्याला असलं भारदस्त नाव दिलं नव्हतं. पण बघून बरं वाटलं. म्हटलं, दार आहे ना जागेवर, मग झालं. उगीच संशय घेतला.

कमरेच्या पिशवीत मी हळदकुंकवाची पुडी आणलीच होती. दाराला दोन बोटं लावली.

"पाऊस आता आठ-पंधरा दिसांवर आला," मी म्हणाले. "उघडून ठेवू या का आजच? दिस बी चांगला हाय."

"अगं नको, आत्ता नको," वहिनीसाहेब घाईघाईनं पुढं आल्या. "रंग ओला आहे."

"तेल हाय, रंग कुठला?" मी हसले आणि कडी काढली. नव्यानं वंगण दिलेलं दार नुसतं बोट लावताच उघडलं.

आत भिंत होती. चौकटीत कडेपासून कडेपर्यंत दगड, आणि दगडांच्या फटींत सिमेंट.

मी खुळ्यासारखी त्या दगडाला हात लावून बघितला. ढकललाही. मला वाटलं, तात्पुरतं काहीतरी असेल, काम अर्धवट राहिलं असेल.

"निनाददादा, ह्ये काढायचं ऱ्हायलं का?"

"नाही नाही, ते तसंच राहणार." त्याला माझ्या तोंडाकडे बघून काही उमजलं नसावं. मोठ्या उत्साहानं सांगायला लागला, "हीच तर मेख आहे ताई. मोठा पूर आला तरी घरापर्यंत पाणी पोचणं अवघड! एरवीचं पाणी तर आता बागेतसुद्धा येऊ शकत नाही. आणि त्याचं श्रेय तुम्हाला. मी बांधाची माती तपासायला पाठवली होती. असं घट्ट काम यंत्रानंसुद्धा होत नाही म्हणाले."

"बांध? कुठला बांध?"

"हा काय," तो पायवाटेकडे बोट दाखवून म्हणाला.

कारंज्याचा आवाज येत होता. वहिनीसाहेब गुलाबाची वाळकी पानं खुडत होत्या.

"मग पाणी जाणार कुठनं?" मी विचारलं.

"ओघळीनं."

"ओघळ कुठं उतरती, म्हाईत हाय तुमास्नी?"

आता मात्र त्याचा चेहरा बदलला. त्यानं वहिनीसाहेबांकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात, मागच्या वस्तीशी बोलणं झालंय. शालनताईंशीच झालंय म्हणालात. त्यांना दुसरीकडे जागा मिळतेय, म्हणून त्यांची हरकत नाही..."

"निनाद, मंडपाचं काय झालं ते बघून ये," वहिनीसाहेब म्हणाल्या.

तो गेला. जाताना एकदा मागं वळून बघितलं त्यानं.

मी दार पुन्हा लावलं, का कोण जाणे. नागडं काहीतरी दिसतंय, असं वाटत होतं.

"माझं नाव सांगितलंसा?"

"शालन, बस इथं. पाणी घे."

"पाणी नको मला. माझं नाव सांगितलंसा का न्हाई?"

त्यांनी हातातली पानं खाली टाकली. "सांगितलं."

"कवा ठरलं ह्ये? दार बुजवायचं?"

"पहिल्या नकाशापासून."

"म्हंजी आमी माती तुडवायच्या आदी."

"हो."

निदान तेव्हा तरी त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ठरलं, नंतर ठरलं, दुसऱ्या कुणी ठरवलं, काहीही. मी धरून बसले असते त्याला.

"मग आमालाच कशापायी बोलावलंसा? गावात मजूर का कमी व्हते? दुसऱ्याकडनं बांधून घेतला असता तर निदान..."

त्यांनी माझ्याकडे नवलानं बघितलं. "तुमच्यासारखी माती कुणाला तुडवता येते?"

कौतुकानंच म्हणाल्या. त्या आवाजात टोमणा असता तर मी समजून घेतलं असतं.

"माझी पोरं हायेत तिथं, वहिनीसाहेब. हौसाक्काचं घर तर ओघळीच्या तोंडावरच हाय. मातीच्या भिंती. येकदा पाणी बसलं की घर बसलं. तुमी आला हुता की तिच्या घरी, च्या प्यायला."

"मला सगळं ठाऊक आहे." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "रात्र रात्र झोपले नाही मी. पण हे घर पुन्हा बुडालं तर उभं राहणार नाही, शालन. माझ्यात ताकद नाही उरलेली. तुम्हाला उठून जाता येतं गं. मोठ्या पुरात तुम्ही उठलात, पाणी ओसरल्यावर आलात. घराला उठून जाता येत नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. गोरापान चेहरा, कपाळावर घाम, आणि त्या चेहऱ्यावर खरोखरची माया. तीच माझ्या डोक्यात जास्त गेली.

त्या जवळ आल्या. माझा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "तुला मी वाऱ्यावर सोडेन का? वरची पूर्वेची खोली तुझ्यासाठी ठेवलीय. पाणी आलं की पोरांना घेऊन सरळ यायचं. विचारायचंसुद्धा नाही."

"आन् बाकीच्यास्नी?"

"सगळ्यांना कसं पुरेल गं?"

मी हात सोडवून घेतला. त्यांनी धरलेला हात मी झिडकारला, असं आयुष्यात तेवढंच एकदा झालं.

"माझी ओटी भरलीसा तुमी," मी म्हणाले. "द्येवीच्या म्होरं भरलीसा."

"ती खोटी नव्हती," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. "तुला खोटी वाटली?"

ह्याचं उत्तर मला आजही देता येत नाही. खोटी असती तर सोपं गेलं असतं.

तेवढ्यात बागेच्या फाटकापाशी गलबला झाला. कुंभारवाड्यातल्या बायका आल्या होत्या. उद्घाटनाचं निमंत्रण सगळ्यांनाच होतं आणि ते मीच घरोघर जाऊन दिलेलं. ठेवणीतल्या साड्या, डोईत गजरे. हौसाक्कानं तर नातवाच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसलेलं. मंडपवाल्यांना ढकलत, "आमी केलीया ती वाट, बघू द्या की रं," म्हणत त्या आत घुसल्या आणि थेट पायवाटेवर चढल्या. एकजण टाच आपटून बघत होती. "ह्यो माझा तुकडा," दुसरी म्हणाली, "बघा, कुटं भेग हाय का." नुसतं हसणं-खिदळणं चाललं होतं.

"शालन, आज नको," वहिनीसाहेब माझ्या कानाशी म्हणाल्या. "आजचा दिवस जाऊ दे. मी सांगेन त्यांना. मी स्वतः सांगेन."

दोन वर्षं त्यांच्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास होता. मी त्या दारापाशी गेले.

"आक्का, खाली या जरा," मी हाक मारली. "समद्याच या."

त्या उतरल्या. मी कडी काढली आणि दार सताड उघडलं.

कुंभारणींना भिंत म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागत नाही. पाण्याची वाट बंद केली की पाणी कुठं वळतं, हेही सांगावं लागत नाही. एकेकीचा चेहरा पडत गेला. कुणीतरी डोक्यातला गजरा काढून हातात धरला. हौसाक्का पुढं झाली, दगडावरून तिनं हात फिरवला, मग मान वर करून त्या उंच पायवाटेकडे टोकापासून टोकापर्यंत बघितलं.

"बांध घातला आपुन," ती म्हणाली. "आपल्याच घरावर."

"आक्का, मला खरंच म्हाईत नव्हतं. तुमच्या पायाशपथ. मला पायवाट म्हणूनच सांगितलं. आत्ता, आत्ता बघितलं मी."

"आसंल," हौसाक्का म्हणाली.

"ह्यांनी फसवलं समद्यास्नी." मी वहिनीसाहेबांकडे बोट केलं. त्या तिथंच उभ्या होत्या, पळून गेल्या नव्हत्या.

हौसाक्कानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी तिचे पाय धरले असते, भांडले असते, काहीतरी केलं असतं.

"तिचं काय घिऊन बसलीस?" ती म्हणाली. "तिनं बोलावलं असतं तर आमी आलोच नसतो. तू बोलावलंस."

एवढं बोलून तिनं हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावर ओढला आणि फाटकाकडे चालू लागली. बायका तिच्यामागून गेल्या. मंडपात कुणीतरी माइक तपासत होतं. मी त्यांच्या मागून धावले, पण कुणी पाऊल आवरलं नाही.

नंतर अर्ज झाले, बैठका झाल्या, साहेबलोक येऊन पाहणी करून गेले. बाग बघून खूश झाले. दार दगडांनी बुजलेलंच राहिलं. कुंभारवाड्यातल्या लोकांनी एकदा कुदळी घेऊन बांधही फोडायला घेतला, पण तासाभरात पोलीस आले आणि तेवढ्या वेळात जेमतेम वीतभर खड्डा पडला होता. उद्घाटनानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात पाणी आलं. मोठा पूर नव्हता तो, एरवी खोलबागेनं सहज पोटात घेतला असता. बांधातून थेंबसुद्धा झिरपला नाही. ओघळीनं पाणी आलं आणि हौसाक्काचं घर पहिल्याच रात्री बसलं. माणसं वाचली, पण घर गेलं. पूर्वेच्या खोलीत मी गेले नाही. पोरांना घेऊन शाळेच्या गच्चीवर बसले, आणि तिथं आमच्याशेजारी कुणी येऊन बसलं नाही.

पाणी ओसरल्यावर हौसाक्का इचलकरंजीला लेकीकडे राहायला निघाली. आता परत यायची नाही, हे सगळ्यांना कळत होतं. जायच्या आधी ती कुंभारवाड्यातल्या एकेका दारात गेली. कुणाला जवळ घेतलं, कुणाच्या पोराच्या गालावरून हात फिरवला. मी तिच्यासाठी भाकरी बांधून दारात उभी होते. ती माझ्या दारावरून गेली आणि शेजारच्या दारात थांबली.